बी ग्रुप, गणित नाही, आणि औषधांची केमिस्ट्री

दांडिया बाजारातल्या एका आईनं विचारलंय: लेक यंदा बारावी सायन्स झाली, बी ग्रुपमधून, म्हणजे गणित नाही. नीटचे मार्क एमबीबीएसला पुरत नाहीत आणि रिपीट करायला ती तयार नाही. मावसभावानं तिला एडिनबरा विद्यापीठाचा ‘मेडिसिनल अँड बायोलॉजिकल केमिस्ट्री’ हा अभ्यासक्रम दाखवला, तेव्हापासून तिनं तेच धरून ठेवलंय. परदेशी पाठवणं आत्ता झेपणार नाही. बडोद्यात राहून हेच शिकता येईल का? बी.फार्म. की बी.एस्सी.? गणिताचं काय? नोकरी कसली? आणि लॅबमधली रसायनं मुलीच्या तब्येतीला बाधतात का?

ताई, एकतीस वर्षं मी औषध कंपन्यांत रेणू बनवायचं काम केलं. आता आठवड्यातून दोन दिवस शिकवतो. तब्येतीचा प्रश्न तुमचा आहे, त्याचं उत्तर शेवटी देतो. मधलं सगळं लेकीसाठी, म्हणून तिच्याशीच बोलतो आणि तिला ‘तू’ म्हणतो.

आधी हे ऐक: या नावाची पदवी आपल्याकडे शोधत बसू नकोस. विषय आहे, भरपूर आहे, फक्त तो दोन-तीन पाट्यांखाली वाटला गेलाय. एडिनबरावाले काय करतात, तर केमिस्ट्रीची पूर्ण पदवी देतात आणि तिचा कल शरीराकडे वळवतात. मेडिसिनल म्हणजे औषधाच्या बाजूनं बघणं, बायोलॉजिकल म्हणजे पेशीच्या बाजूनं. एकच कुलूप, एकदा किल्ली बनवणाऱ्याच्या नजरेनं आणि एकदा कुलूप बनवणाऱ्याच्या नजरेनं. तुला यातलं काय आवडतं हे आज तुला सांगता येणार नाही. म्हणून एक औषध घेऊन दाखवतो.

अ‍ॅझिथ्रोमायसिन. घसा धरला की तीन दिवस रोज एक गोळी, ती. तिची आई म्हणजे एरिथ्रोमायसिन. १९५२ मध्ये बाजारात आलेलं हे अँटिबायोटिक फिलिपिन्सच्या मातीतल्या एका जिवाणूनं बनवलेलं होतं. चौदा अणूंचं मोठं कडं आणि त्याला लटकलेल्या दोन साखरा. काम उत्तम, पण पोटातल्या अ‍ॅसिडमध्ये टिकत नव्हतं. का टिकत नव्हतं? कड्यावर नवव्या कार्बनवर एक कीटोन आहे आणि सहाव्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल, दोन्ही अणूंचे छोटे गट. अ‍ॅसिड मिळालं की हे हायड्रॉक्सिल वळून त्या कीटोनवरच चाल करतं, रेणू आतल्या आत गाठ मारून घेतो आणि औषध संपतं. घरभेदी म्हणतात तसं.

आता तू केमिस्ट आहेस. काय करशील?

जपानमधल्या तैशो कंपनीच्या लोकांनी त्या सहाव्या हायड्रॉक्सिलच्या तोंडाला मेथिलचं बूच लावलं. ते झालं क्लॅरिथ्रोमायसिन. झाग्रेबमधल्या प्लिव्हा कंपनीच्या लोकांनी १९८० च्या सुमारास दुसरा मार्ग धरला. त्यांनी कीटोनच काढून टाकला. कीटोनचं ऑक्झाइम केलं, त्यावर बेकमन पुनर्रचना, म्हणजे रेणूतले अणू जागा बदलतात ती रिअॅक्शन, केली, कड्यात एक नायट्रोजन घुसवला आणि चौदाचं कडं पंधराचं झालं. आता हल्ला करायला समोर कोणी उरलंच नाही. वर त्या नव्या नायट्रोजनमुळे रेणूला जास्तीचा एक अल्कधर्मी (बेसिक) भाग मिळाला, त्यामुळे तो पेशींमध्ये जाऊन मुक्काम ठोकतो. शरीरात अर्धा व्हायला त्याला सुमारे ६८ तास लागतात. म्हणून तीन दिवसांत कोर्स संपतो आणि असर पुढे चालू राहतो.

बेकमन पुनर्रचना बी.एस्सी.ची मुलं परीक्षेसाठी पाठ करतात, पेपरात दोन मार्कांचे बाण काढतात आणि विसरतात. ती रोज लाखो लोकांच्या गळ्याखाली उतरते हे त्यांना कोणी सांगत नाही. माझी शिकवण्याबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे.

हे झालं किल्लीकडून. आता कुलूप. एरिथ्रोमायसिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन दोन्ही जिवाणूच्या रायबोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रात, बसतात. प्रथिन बनलं की ज्या बोगद्यातून बाहेर पडतं, त्या बोगद्याच्या तोंडाशी. मग आपलं रायबोसोम का बंद पडत नाही? कारण त्या जागी जिवाणूच्या आरएनएमध्ये अ‍ॅडेनिन आहे आणि आपल्यात ग्वानिन. एका अक्षराचा फरक. ग्वानिनचा एक अमिनो गट आडवा येतो आणि औषध नीट बसत नाही. जिवाणूही काही भोळे नाहीत. काहींनी त्याच अ‍ॅडेनिनवर मेथिल चिकटवायचं एन्झाइम मिळवलं, आणि औषध त्यांच्यावर चालेनासं झालं. रेझिस्टन्स रेझिस्टन्स म्हणतात तो इथं एवढासा दिसतो.

रायबोसोमचा विषय निघाला म्हणून आपल्या गावची गोष्ट. वेंकी रामकृष्णन तीन वर्षांचे असताना बडोद्यात आले. वडील महाराजा सयाजीराव विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीचे विभागप्रमुख. वेंकींनी १९७१ मध्ये इथूनच बी.एस्सी. केलं, फिजिक्समध्ये. २००९ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना मिळालं ते रायबोसोमच्या रचनेसाठी. तिघांत वाटून, आणि त्यांचा वाटा होता रायबोसोमच्या लहान भागाचा. एरिथ्रोमायसिन बसतं ते मोठ्या भागात, हे वर्गात सांगायला विसरू नकोस, नाहीतर एखादा चौकस प्राध्यापक पकडेल. फिजिक्सचा मुलगा, काम जीवशास्त्राचं, नोबेल केमिस्ट्रीचं. तेव्हा बी.फार्म. की बी.एस्सी. या प्रश्नानं झोप उडवून घ्यायचं कारण नाही. पण निवड तर करावी लागेल, म्हणून त्याकडे येतो.

बी.फार्म. चार वर्षांचं. बी ग्रुपला दार उघडं आहे, गुजसेट ही गुजरातची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. देशभर एकच अभ्यासक्रम आहे. बायोकेमिस्ट्री दुसऱ्या सेमिस्टरला येते आणि मेडिसिनल केमिस्ट्री चौथ्या, पाचव्या, सहाव्या अशा सलग तीन सेमिस्टरना. म्हणजे तुझा विषय नावानिशी इथं आहे. शिवाय फार्माकॉलॉजी म्हणजे औषध शरीरात काय करतं, गोळी कशी बनते, कायदा, सगळं येतं. पदवीनंतर रजिस्टर्ड फार्मासिस्ट होता येतं, ते बी.एस्सी.ला होता येत नाही. घरच्यांना यातून मेडिकल स्टोअर दिसतं, दिसू दे, त्याचा आधारही वाईट नाही.

कमी काय? केमिस्ट्रीची खोली. बी.फार्म.ची मुलं शंभर औषधांची नावं, वर्ग, उपयोग फडाफडा सांगतात. पण कोऱ्या कागदावर ‘हे कसं बनवशील?’ असं विचारलं की बहुतेकांची पेन्सिल अडते. दोष त्यांचा नाही, अभ्यासक्रमच रुंद आहे, खोल कसा होणार.

बी.एस्सी. केमिस्ट्री किंवा बायोकेमिस्ट्री आणि पुढे एम.एस्सी. ऑरगॅनिक, ही दुसरी वाट. हिच्यात खोली मिळते, पण औषध दिसायला पाचवं वर्ष उजाडतं. मधल्या काळात फिजिकल आणि इनऑरगॅनिकशी संसार करावा लागतो. प्रवेश घेण्याआधी एक नक्की बघ: बारावीला गणित नसताना केमिस्ट्रीबरोबर कुठले विषय मिळतात. कॉलेजगणिक जोड्या बदलतात. ऑफिसच्या खिडकीवर जाऊन विचार, वेबसाइटवर विसंबू नकोस.

माझं मत विचारशील तर तुझ्या परिस्थितीत, म्हणजे बी ग्रुप, औषधाचं वेड आणि घरून ये-जा, मी बी.फार्म. म्हणेन. एका अटीवर. ऑरगॅनिक केमिस्ट्री तू एम.एस्सी.च्या मुलासारखी करायचीस, परीक्षेत विचारो न विचारो. रोज अर्धा तास कागदावर बाण काढायचे. पुस्तक वाचून ऑरगॅनिक येत नाही, पोहण्यासारखं आहे ते. पण आत्ताच केमिस्ट्रीचं पुस्तक उघडल्यावर बायोलॉजीपेक्षा तिथंच जास्त रमत असशील, तर माझं ऐकू नकोस, बी.एस्सी.ला जा.

पुढे दोन्ही वाटा एकत्र येतात. नायपर या औषधशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थांमध्ये, म्हणजे मोहालीच्या मूळ संस्थेत आणि गांधीनगरजवळच्या संस्थेसारख्या इतर काही ठिकाणी, मेडिसिनल केमिस्ट्रीचं पदव्युत्तर शिक्षण आहे. मोहालीला बी.फार्म. आणि एम.एस्सी. ऑरगॅनिक दोघांनाही प्रवेश असतो. फार्मसीवाल्यांना त्यासाठी जीपॅट ही परीक्षा द्यावी लागते. बी.एस्सी. करून आयआयटीत एम.एस्सी. करायचं असेल तर जॅमची परीक्षा आहे.

इथं गणित येतं. जॅमच्या केमिस्ट्रीच्या पेपरात बारावीच्या पातळीचं गणित अधिकृत अभ्यासक्रमातच आहे: कॅल्क्युलस, मॅट्रिक्स, व्हेक्टर. बी ग्रुपच्या मुली तिथं येऊन बसतात आणि मग धावाधाव करतात. बी.फार्म.मध्ये उलट सोय आहे. बायोलॉजीवाल्यांना पहिल्या सेमिस्टरला रेमेडियल मॅथ्स शिकवतात आणि गणितवाल्यांना रेमेडियल बायोलॉजी. तो विषय मुलं पास होण्यापुरता करतात. तू तसं करू नकोस, कारण रोजच्या कामात लागणारं गणित तेवढंच आहे, पण ते नसेल तर काहीच कळत नाही. मुख्य म्हणजे लॉगॅरिदम.

उदाहरण देतो. अ‍ॅस्पिरिनचा पीकेए साडेतीन, म्हणजे त्या पीएचला त्याच्या निम्म्या रेणूंवर विद्युतभार असतो. रिकाम्या पोटातला पीएच समज दीड. फरक दोनचा, म्हणजे दहाचा वर्ग, म्हणजे विद्युतभार घेतलेला एक रेणू असेल तर भार नसलेले शंभर. रक्तात पीएच ७.४. फरक ३.९ आणि पारडं उलटं: भार नसलेला एक, तर भार घेतलेले जवळजवळ आठ हजार. पेशीच्या तेलकट पडद्यातून बिनभाराचा रेणू सहज जातो, भारवाला अडतो. औषध कुठं आत शिरेल, कुठं अडकेल, लघवीतून कधी जाईल, हे सगळं या एका वजाबाकीत आहे. मुलाखतीत मी हाच प्रश्न विचारायचो. सूत्र सगळ्यांना पाठ असायचं. पारडं कुठल्या बाजूला झुकतं हे विचारलं की निम्मी मुलं टाय सैल करायला लागायची.

तोपर्यंत सुट्टीत एक कर. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांचा गोळ्यांचा डबा काढ. पाकिटावर ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरांत खरं नाव असतं, ते वहीत लिही आणि रचना शोधून हातानं काढ. बहुतेक घरांत पॅन्टोप्राझोल सापडेलच, सकाळी उपाशीपोटी घ्यायची ती गोळी. ती चावायची नाही, कुटायची नाही असं डॉक्टर का सांगतात? तिच्यावर अ‍ॅसिडला दाद न देणारं आवरण असतं, कारण आतलं औषध पोटातल्या अ‍ॅसिडनं नासतं. ते आतड्यात सुटतं, रक्तातून फिरून पुन्हा पोटाच्याच भिंतीत येतं, अ‍ॅसिड तयार करणाऱ्या पेशीशी. आणि तिथं? तिथल्या अ‍ॅसिडमुळेच ते जागं होतं, रूप बदलतं आणि अ‍ॅसिडच्या पंपावरच्या गंधकाला कायमचं चिकटून बसतं. ज्या अ‍ॅसिडपासून त्याला जपत आणलं, तेच अ‍ॅसिड मुक्कामाला पोहोचल्यावर त्याचा चाप ओढतं. मी पहिल्यांदा हे वाचलं त्या दिवशी मला संध्याकाळी सेव-उसळही सुचली नव्हती, आणि मी बडोद्याचा आहे. तुला वाचताना असं काही झालं नाही, ‘बरं, मग?’ असंच वाटलं, तर या विषयात पडू नकोस. हुशारी असून उपयोग नाही, चार वर्षं कंटाळशील.

लॅबबद्दल थोडं, कारण पुस्तकातून हे कळत नाही. नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात मी एक अमिनो अ‍ॅसिडचा पदार्थ बनवत होतो. रिअ‍ॅक्शन झाली, टीएलसीवर, म्हणजे पदार्थ तयार झाला का ते दाखवणाऱ्या पट्टीवर, ठिपका छान दिसला. सेपरेटिंग फनेलमध्ये पाणी आणि एथिल अ‍ॅसिटेट घालून हलवलं, वरचा थर ठेवला, पाण्याचा थर सिंकमध्ये ओतला. वरचा थर आटवला तर फ्लास्क कोरा. अमिनो गटही आहे आणि अ‍ॅसिडही, म्हणजे पदार्थ पाण्यातच बसणार, हे मला पाठ होतं. हात मात्र सवयीनं चालले. पाच दिवसांचं काम गटारात. प्लांटवरचा जुना ऑपरेटर दारातून बघत होता, म्हणाला, ‘साहेब, माल बगडी गयो?’ बिघडला नव्हता, वाहून गेला होता. तेव्हापासून पदार्थ हातात येऊन वजन होईपर्यंत मी कुठलाच थर फेकलेला नाही. मुलांनाही फेकू देत नाही.

नोकरीचं खरं सांगतो. नवं औषध शोधणाऱ्या लॅबमध्ये जागा थोड्या, आणि तिथं एम.फार्म., एम.एस्सी. किंवा पीएच.डी. लागते. बहुतेक मुलं-मुली आधी क्वालिटी कंट्रोलमध्ये लागतात: दिवसभर एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र), नमुने, आलेख, सह्या. पगार सुरुवातीला बेताचा. नंदेसरी, पादरा, हालोल, अंकलेश्वर या पट्ट्यात काम मिळतं, बसनं जायचं, शिफ्ट असते. त्याच्या वरची पायरी म्हणजे प्रोसेस केमिस्ट्री, ओळखीचा रेणू स्वस्तात, सुरक्षित आणि टनाच्या हिशोबात बनवणं. आपला भाग यात तरबेज आहे, आणि त्याला कारण आहे. १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर होतं. म्हणून आमच्या पिढीनं एकाच औषधाच्या चार-चार नव्या वाटा शोधल्या, पोट त्यावरच चाललं. २००५ पासून रेणूवरही पेटंट आलं आणि कंपन्यांना स्वतःच्या शोधाकडे वळावं लागलं. तुझ्या पिढीला शोधाच्या लॅबचं दार आमच्यापेक्षा जास्त उघडं आहे ते यामुळे.

बडोद्यात हे नवं नाही. सयाजीरावांच्या काळात १८९० मध्ये कलाभवन उभं राहिलं, त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर, केमिस्ट्रीचे. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला चापेकरांनी डांबर फासलं होतं. ते डाग काढून दाखवले ते याच गज्जरांनी. आपल्यातल्या कोणाला त्याबद्दल त्यांचा राग येत असेल तर येवो, केमिस्ट म्हणून मी टोपी काढतो. १९०७ मध्ये अलेम्बिक सुरू झाली तेव्हा संस्थापकांत गज्जर होते, कोटिभास्कर होते, भाईलाल अमीन होते. अलेम्बिक म्हणजे ऊर्ध्वपातनाचं जुनं भांडं. आणि याच कंपनीची पुढची ओळख झाली एरिथ्रोमायसिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन. वरची सगळी गोष्ट आपल्या गोरव्याच्या रस्त्यावर येऊन उभी राहते ती अशी.

एडिनबरा मनातून काढू नकोस. पण पहिली पदवी तिथं घेण्यापेक्षा इथं चांगली करून पुढचं शिक्षण शिष्यवृत्तीवर बघणं पैशाच्या दृष्टीनं शहाणपणाचं.

आता ताई, तुमचा प्रश्न. रसायनं बाधतात का? बाधतात. मुलीला आणि मुलालाही. डायक्लोरोमीथेन, टोल्युइन, ब्रोमीन हे काही गुलाबपाणी नाही. गरोदरपणात तर काही सॉल्व्हंटपासून लांबच राहायचं असतं, आणि तसं काम बदलून मागण्यात कसलाही कमीपणा नाही. पण बाधतात ती मुख्यतः हवा ओढणारी कपाटं, फ्यूम हूड म्हणतात ती, बंद पडलेली असतात तिथं. घाबरवायला सांगत नाही, माझे सहकारी धडधाकट आहेत. पण एका जुन्या लॅबमध्ये आम्ही वर्षभर संध्याकाळी डोकं धरून घरी जायचो, आणि पंख्याचा पट्टा तुटलेला होता एवढंच कारण निघालं.

तेव्हा कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत, एसी, कँटीन बघून परत येऊ नका. ऑरगॅनिकची लॅब दाखवा म्हणा. हूड चालू करायला सांगा, काच वीतभर वर घ्या आणि टिश्यू पेपरची पट्टी फटीपाशी धरा. पट्टी आत ओढली गेली पाहिजे. नुसती लोंबत राहिली, किंवा हूडमध्ये जुनी रजिस्टरं आणि रिकाम्या बाटल्या रचून ठेवलेल्या दिसल्या, तर दुसरं कॉलेज बघा.